टर्मिनलमधली टॅब कळ आणि देवनागरी फाइलनावं: एकाच नावाच्या दोन फाइली कशा?

मांजराकाठ

राम राम मंडळी,

औसा आणि निलंगा तालुक्यांतल्या काही गावांत आम्ही विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यामुळं हे काम कशासाठी ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. नोंदी कुणी घरच्या विंडोजवर, कुणी मोबाइलवर, कुणी शाळेतल्या संगणकावर टाइप केल्यात. त्या सगळ्या फाइली मी एका जुन्या लॅपटॉपवर उबंटूत (लिनक्स) आणल्यात आणि आता कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करणं, शिकायलोय, कारण इतक्या फाइली माउसनं एकेक उघडणं होईना गेलंय.

अडचण अशी. फोल्डरमध्ये 'शेतकऱ्यांची_यादी' ही फाइल आहे. कॅट लिहून पुढं नाव टाइप केलं की ती उघडते, पण आत आमची जुनी यादी निघते. निलंग्याहून आलेली नवी यादी याच नावानं आली होती, ती मी स्वतः याच फोल्डरमध्ये टाकली. ती काही केल्या उघडत नाही. मित्र म्हणाला, पूर्ण नाव कामून टाइप करतोस, 'शेत' लिही आणि टॅब दाब. दाबलं तर नाव 'शेतक' पर्यंत आलं आणि थांबलं. परत दाबलं तर खाली दोन नावं आली, दोन्ही अगदी सारखी. एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली कशा राहतील?

आणि टॅबबद्दल मुळापासून कुणी सांगेल का? जिथं वाचलं तिथं सगळी उदाहरणं रोमन नावांची आहेत.

(आज्ञा आणि सेटिंगची नावं मी इथं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये ती रोमनमध्येच टाइप करायची. फाइलींची नावं मात्र खरोखर देवनागरीत आहेत.)


सागवान_किनवट

भाऊ, सगळी नावं रोमन करून टाका. मी आमच्या ऑफिसात तेच केलं. देवनागरी नावं ठेवली की कुठं ना कुठं अडतंच.


मांजराकाठ

दादा, तोही विचार केला होता. पण गावांची नावं रोमनमध्ये प्रत्येक जण आपल्या मनानं लिहितो. औसा दोन तऱ्हांनी, उदगीर दोन तऱ्हांनी, आणि 'ळ' असलेलं गाव आलं की विचारूच नका. नोंद ठेवणारी माणसं मराठीत लिहितात, मराठीत शोधतात. नावं मराठीतच ठेवायची आहेत.


बालाघाट

मांजराकाठ, तुमचा आग्रह योग्य आहे आणि लॅपटॉपमध्येही काही बिघाड नाही. त्या दोन फाइलींची नावं खरोखर वेगळी आहेत. फरक डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

आपला 'ऱ्या' संगणकात एकाहून जास्त तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं (युनिकोड क्रमांक यू+०९३१), त्यापुढं हलन्त, मग य आणि काना. दुसऱ्या तऱ्हेत साधा र (यू+०९३०), हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह (यू+२००डी) आणि त्यानंतर य. पडद्यावर दोन्ही ठिकाणी तोच 'ऱ्या' उमटतो. तिसरीही तऱ्हा आहे, र ला खाली नुक्ता जोडून (यू+०९३सी). जुन्या मॅकच्या डिस्कवरून आलेल्या नावांत ती सापडते. कोणत्या कीबोर्डवर कोणती तऱ्हा उमटेल हे तो कीबोर्ड बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं. टाइप करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

लिनक्सच्या फाइल सिस्टिमला अक्षरं कळत नाहीत. तिच्या दृष्टीनं नाव म्हणजे बाइटांची रांग. रांग वेगळी म्हणजे नाव वेगळं, फाइलही वेगळी. म्हणून दोन्ही फाइली एका फोल्डरमध्ये सुखानं नांदतात. तुम्ही टाइप करता तेव्हा तुमच्या कीबोर्डची तऱ्हा उमटते आणि त्या तऱ्हेची जुनी यादी उघडते. निलंग्याच्या कीबोर्डची तऱ्हा तुमच्या हातून उमटतच नाही, त्यामुळं ती फाइल टाइप करून उघडणं तुम्हाला जमणार नाही.

खात्री करायची असेल तर 'एलएस शेत*' चं उत्तर पाइपनं (| या चिन्हानं) 'ओडी -एएन -टीएक्स१' ला द्या. नावांचे बाइट दिसतील. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. एका नावात 'शेतक' नंतर ई० ए४ बी१ दिसेल, तो ऱ. दुसऱ्यात त्याच जागी ई० ए४ बी०, तो साधा र, आणि थोडं पुढं ई२ ८० ८डी, तो जॉइनर. टॅब 'शेतक' वरच का थांबला तेही यातून कळतं. तिथपर्यंतच दोन्ही नावं जुळतात.

आता टॅब. बहुतेक जण त्याच्याकडं बोटांचे कष्ट वाचवणारी सोय म्हणून बघतात. माझ्या मते त्याचं मोठं काम पडताळणीचं आहे. टॅब दाबताच शेल (आपल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) त्या क्षणी फोल्डरची यादी वाचतं आणि तिच्यातलं नाव जसंच्या तसं, बाइट न बाइट, तुमच्या ओळीत आणून ठेवतं. नाव आलं याचा अर्थ फाइल खरोखर तिथं आहे. नाव आलं नाही तर तुम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये आहात, किंवा सुरुवातीचं अक्षर वेगळं आहे, किंवा फाइलच नाही. एंटर दाबण्याआधी हे कळणं फार मोलाचं आहे. देवनागरी नावांसाठी तर दुसरा भरवशाचा मार्ग मला माहीत नाही, कारण समोर दिसणारं नाव आपण हुबेहूब टाइप करू शकू याची खात्रीच नसते.

तुमची दुसरी फाइल उघडायला 'कॅट शेत' लिहून मेटा-स्टार वापरा, म्हणजे ऑल्ट धरून * (त्यासाठी शिफ्टही लागेल). जुळणारी सगळी नावं एका दमात ओळीत येतात. दोन्ही आली की एक खोडा, उरलेल्यावर एंटर. जुनीच यादी निघाली तर दुसरं ठेवून बघा. नेहमीसाठी बरा उपाय हवा असेल तर घरच्या फोल्डरमध्ये डॉट इनपुटआरसी नावाची फाइल करून तिच्यात 'टॅब: मेनू-कंप्लीट' ही ओळ लिहा. मग दर टॅबला पुढचं नाव ओळीत येत जातं, पाहिजे त्यावर थांबायचं.


विहीरवाला

हे ऱ्या चं प्रकरण पहिल्यांदाच नीट कळलं. आमच्या फोल्डरमध्येही अशा जोड्या असणार. आजच बघतो.


गोदातीर

मी परभणीत मुलांना लिनक्स शिकवते. बालाघाट सरांनी गाभा सांगितलाच आहे, नव्यानं शिकणाऱ्यांसाठी थोडी भर घालते.

टॅब काय सुचवणार हे तुम्ही ओळीत कुठं आहात त्यावर ठरतं. ओळीतला पहिला शब्द चालू असेल तर शेल आज्ञा शोधतं. पाथ या चलात नोंदलेल्या फोल्डरमधले प्रोग्रॅम, शेलच्या स्वतःच्या आज्ञा, तुम्ही केलेले एलियस (आज्ञांची टोपणनावं) आणि फंक्शन, हे सगळं त्यात येतं. दुसऱ्या शब्दापासून पुढं साधारणपणे फाइल आणि फोल्डर. शब्दाची सुरुवात डॉलरनं केली तर चलांची नावं येतात, टिल्डनं केली तर वापरकर्त्यांची. मुलं विचारतात, 'मॅडम, इथं टॅब चालत नाही.' बघावं तर कर्सर पहिल्या शब्दावर असतो आणि त्यांना फाइल हवी असते. चालू फोल्डरमधली स्क्रिप्ट चालवायची असेल तर आधी टिंब आणि तिरपी रेघ द्या, मग टॅब.

आणि एक खूण, जी मी पहिल्याच तासाला सांगते. नाव पुरतं जुळलं आणि दुसरा पर्याय उरला नाही, तर शेल नावापुढं एक मोकळी जागा सोडतं. फोल्डर असेल तर तिरपी रेघ देतं. यातलं काहीच आलं नाही तर नाव अजून अर्धं आहे असं समजायचं. समजा 'विहिरी_२०१९' आणि 'विहिरी_२०१९_उन्हाळा' अशा दोन फाइली आहेत. 'वि' लिहून टॅब दाबलं तर 'विहिरी_२०१९' येतं आणि कर्सर त्याला चिकटूनच उभा राहतो. नाव पूर्ण दिसतं, फाइलही असते, पण शेल सांगतंय की अजून एक आहे. आरएम म्हणजे खोडण्याची आज्ञा देताना ही मोकळी जागा आली का ते बघितल्याशिवाय एंटर दाबू नका. खोडलेली फाइल टर्मिनल कचरापेटीत ठेवत नाही.

नावात जागा असेल, 'पिंपळगाव बु' सारखं, तर टॅब स्वतःच मधे उलटी तिरपी रेघ घालतो. ती खोडायची नसते, तिच्यामुळंच दोन शब्द एक नाव म्हणून जातात.

बु. आणि खु. वरून आठवलं. आपल्याकडं पिंपळगाव, वडगाव, पिंपरी यांची इतकी गावं आहेत की नाव गावावरून सुरू केलं की टॅब लांबपर्यंत जाऊन बुद्रुक-खुर्दच्या फाट्यावर अडकतो. फाइलनावात तालुका आधी आणि गाव नंतर ठेवलं तर दोन-तीन अक्षरांत काम होतं. लातूर जिल्ह्यात औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, चाकूर, रेणापूर, देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ आणि लातूर, दहाही तालुक्यांचं पहिलं अक्षर वेगळं, अपवाद नाही. एका अक्षरावर टॅब तालुका भरून देईल. नांदेडकरांना मुखेड-मुदखेडसारख्या जोड्यांसाठी एखादं अक्षर जास्त लिहावं लागेल.


विद्यार्थिनी_नांदेड

ताई, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी ध्वनीवर आधारलेला कीबोर्ड वापरते, रोमनमध्ये लिहिलं की मराठी उमटतं तो. 'क' लिहून टॅब दाबते, समोर 'किनवट' आणि 'कंधार' दिसतात. किनवट हवं म्हणून पुढं आय दाबलं की 'कइ' होतं आणि टॅब काहीच देत नाही. वेलांटी लागतच नाही.


गोदातीर

अगदी नेमका प्रश्न विचारलास. टॅबनं 'क' पर्यंत आणून सोडलं तेव्हा तो क ओळीत पक्का झालेला असतो. तुझा कीबोर्ड त्याला विसरलेला असतो. पुढं आय आला की त्याला वाटतं नवा शब्द सुरू झाला, म्हणून तो स्वतंत्र 'इ' देतो. 'इ' आणि वेलांटी ही दोन वेगळी चिन्हं आहेत, त्यामुळं 'कइ' नं सुरू होणारं काही सापडत नाही.

बॅकस्पेसनं क खोडायचा आणि 'कि' सलग टाइप करून मग टॅब दाबायचा, हा आजचा उपाय. कायमचा उपाय इनस्क्रिप्ट. त्यात वेलांटीला स्वतःची कळ आहे, त्यामुळं टॅब कुठंही थांबला तरी पुढची मात्रा सरळ लावता येते. शिवाय इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ मिळतो, यू+०९३१ वाला. वरचा घोळ मुळातच टळतो. शिकायला थोडे दिवस जातात, पण तू आत्ता शिकतेच आहेस तर हेही शीक. मनापासून सांगते.


विद्यार्थिनी_नांदेड

धन्यवाद ताई, लगेच सुरू करते. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज आहे, तिथं टॅब वेगळंच वागतो. यादी न दाखवता एकेक नाव बदलत जातो.


बालाघाट

विंडोजची पद्धत तीच आहे, कमांड प्रॉम्प्ट आणि पॉवरशेल दोन्हींत. टॅबनं पुढचं नाव, शिफ्ट-टॅबनं मागचं. पॉवरशेलमध्ये कंट्रोल धरून स्पेस दाबून बघ, सगळे पर्याय खाली मांडले जातात आणि बाणांच्या कळांनी निवडता येतात. तिथं आज्ञांचे पर्यायही येतात, डॅश देऊन टॅब दाबायचा.


जुना_मोडेम

ही चर्चा वाचून बरं वाटलं, म्हणून थोडा इतिहास लिहितो. टॅबची सोय बॅश या उबंटूतल्या नेहमीच्या शेलबरोबर आली असं अनेकांना वाटतं. तिचं मूळ बरंच जुनं आहे. अमेरिकेतल्या बीबीएन कंपनीनं पीडीपी-१० या यंत्रासाठी टेनेक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बनवली होती. तिच्यात अर्धवट आज्ञा लिहून एस्केप कळ दाबली की उरलेली यंत्र भरायचं. त्यावरून केन ग्रीअर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात असताना ही सोय युनिक्सच्या सी-शेलसाठी लिहिली. टीसी-शेल या नावातला 'टी' टेनेक्सचा आहे.

बॅश ब्रायन फॉक्स यांनी लिहिलं, १९८९ साली ते लोकांसमोर आलं. पुढं चेट रेमी यांनी ते सांभाळलं. बॅशमध्ये टॅब हाताळणारा भाग रीडलाइन नावाची वेगळी लायब्ररी आहे. दुसरे प्रोग्रॅमही ती वापरतात, जीडीबी हा डीबगर त्यातलाच. म्हणून इनपुटआरसीत केलेला बदल फक्त बॅशपुरता राहत नाही. २००० साली आलेल्या बॅश २.०४ पासून प्रत्येक आज्ञेसाठी वेगळी पूर्तता लिहिता येऊ लागली, आणि गिट लिहून टॅब दाबल्यावर ब्रँचची नावं यावीत अशा गोष्टी त्यानंतर शक्य झाल्या. इतक्या माणसांनी कुठं कुठं बसून जे लिहिलं, ते आज औशाच्या विहिरींच्या नोंदींना उपयोगी पडतंय. मला याचा खरोखर आनंद आहे.


अजिंठा_लेणी

मॅकवाल्यांसाठी. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर मूळ शेल झी-शेल आहे. त्यात कॉम्पइनिट चालू केलं आणि 'मेनू सिलेक्ट' ही झेडस्टाइल लावली की पर्यायांच्या यादीत बाणांनी फिरता येतं. लिनक्सवर झी-शेल घेतलंत आणि काही मात्रांच्या जागी कंसात आकडे दिसू लागले तर घाबरू नका, 'सेटऑप्ट कंबाइनिंग_कॅर्स' ही ओळ झेडएसएचआरसीत घाला. मला फिश शेलही आवडतं. ते टाइप करतानाच पुढचा मजकूर फिक्या रंगात सुचवतं, उजव्या बाणानं तो घ्यायचा.


सागवान_किनवट

बालाघाट, तुमचं पटलं. आता माझी अडचण सांगतो, जिच्यामुळं मी देवनागरी सोडली होती. विंडोजवरच्या काही लांब मराठी नावांच्या फाइली लिनक्सवर कॉपीच होत नव्हत्या. 'नाव फार लांब' अशी तक्रार यायची. इंग्रजी नावं तेवढीच लांब असून चालायची.


बालाघाट

लिनक्सच्या ईएक्सटी४ वर एका नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट, म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हं. इथं चिन्ह म्हणजे आपण बोलताना मोजतो ते अक्षर नव्हे. 'ऱ्यां' या एका अक्षरात ऱ, हलन्त, य, काना, अनुस्वार अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. विंडोजच्या एनटीएफएसची मर्यादाही २५५ आहे, पण ती १६ बिटांच्या एककांत मोजतात आणि देवनागरीचं एक चिन्ह एका एककात मावतं. म्हणून तिथं चाललेलं नाव इथं अडतं. कार्यालयीन पत्राचा अख्खा विषय फाइलचं नाव म्हणून दिला की हे होतं. विंडोजवरच नाव आखूड करून मग आणा.

दूरच्या सर्व्हरवर काम करताना एक गोष्ट तपासायची राहून जाते. तिथं 'लोकेल' ही आज्ञा देऊन बघा. उत्तरात यूटीएफ-८ नसेल, नुसतं सी असेल, तर शेल देवनागरी अक्षराचे ३ बाइट सुटे धरतं, बॅकस्पेसनं एकेक बाइट खोडला जातो आणि ओळ विस्कटते. लँग हे चल नीट लावलं की टॅबही नीट चालतो.


तूर_हरभरा

आमच्याकडं नेट अगदी संथ. एससीपीनं सर्व्हरवरची फाइल आणताना टॅब दाबलं की टर्मिनल गोठल्यासारखं होतं. हे सगळ्यांना होतं का?


बालाघाट

होतं. बॅश-कंप्लीशन हे पॅकेज असेल तर एससीपीमध्ये सर्व्हरवरच्या नावांचीही पूर्तता होते, पण त्यासाठी प्रत्येक टॅबला नवं एसएसएच कनेक्शन उघडून तिकडची यादी आणावी लागते. संथ नेटवर वेळ लागणारच. एसएसएचची चावी लावलेली असेल तरच ते चालतं, पासवर्ड टाकण्यासाठी ते थांबत नाही. कंटाळा आला तर कंट्रोल-सी. माझा सल्ला असा की सर्व्हरवर एकदा लॉगिन करून तिथंच टॅबनं पूर्ण नाव मिळवा आणि ते कॉपी करून एससीपीत चिकटवा.


मांजराकाठ

सगळ्यांचे लई आभार. बालाघाट दादा, ओडीत अगदी तुम्ही सांगितलं तसंच दिसलं, ई२ ८० ८डी आहे. मेटा-स्टारनं निलंग्याची यादी उघडली. सगळी नवी नावं शाबूत आहेत.

आता दोन प्रश्न. अशा जॉइनरवाल्या सगळ्या फाइली एकदम शोधून एका तऱ्हेत आणायच्या आहेत. जॉइनर सरळ उडवून टाकला तर चालेल का? आणि मी एक छोटी स्क्रिप्ट केलीय, 'अहवाल' नावाची, तिला पुढं तालुक्याचं नाव द्यायचं असतं. तिच्यापुढं टॅब दाबलं की फाइलीच येतात. तालुके आणता येतील का?


बालाघाट

दुसरं सोपं आहे, आधी ते. बॅशआरसी या बॅशच्या सेटिंगच्या फाइलच्या शेवटी ही ओळ घाला: कंप्लीट -डब्ल्यू "औसा निलंगा उदगीर शिरूर_अनंतपाळ" अहवाल. बाकीचे तालुकेही त्याच अवतरणात. नवं टर्मिनल उघडलं की 'अहवाल नि' आणि टॅब, निलंगा हजर. शिरूर अनंतपाळमध्ये जागेऐवजी खालची रेघ ठेवा, कारण या यादीत जागा दिसली की शेल नवा शब्द धरतं. पुढं गावंही हवी असतील तर फंक्शन लिहावं लागेल. त्यात कॉम्पजेन या आज्ञेनं जुळणारी नावं काढायची आणि कॉम्परिप्लाय या अ‍ॅरेत भरायची. आधी हे चालवून बघा, मग त्यावर बोलू.

पहिल्या प्रश्नाला जपून उत्तर देतो. जॉइनर नुसता उडवू नका. र, हलन्त आणि य यांच्यातला जॉइनर गेला की शेल तक्रार करणार नाही, पण य वर रफार चढेल. 'दऱ्या' ची 'दर्या' होईल. र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त हे दोन बसवायचे. दुसऱ्या अक्षरांपुढंही कुणी मुद्दाम जॉइनर वापरलेला असू शकतो, त्याला हात लावायचा नाही.

शोधायला: फाइंड . -नेम $'*\यू२००डी*'. डॉलर आणि एकेरी अवतरण रोमन कीबोर्डवरचीच हवीत. बदलायला एक लूप करा. जुन्या तिघांचं एक चल, नव्या दोघांचं दुसरं, आणि प्रत्येक नावात पहिल्याच्या जागी दुसरं. पहिल्या खेपेला एमव्ही या नाव बदलण्याच्या आज्ञेच्या आधी एको लिहा म्हणजे काहीच बदलणार नाही, काय होणार ते फक्त दिसेल. खऱ्या खेपेला एमव्हीला -एन द्यायला विसरू नका. तुमच्या बाबतीत ते फार महत्त्वाचं आहे. निलंग्याच्या यादीचं नाव दुरुस्त झालं की ते तुमच्या जुन्या यादीच्या नावाशी बाइट न बाइट एक होईल, आणि -एन नसेल तर निलंग्याची यादी जुनीवर बसून जुनी नाहीशी होईल.


गोदातीर

त्यापेक्षा लूप चालवण्याआधीच अशा जोड्या हातानं वेगळ्या करा. मेनू-कंप्लीट लावलेलंच असेल, तर एमव्ही लिहून टॅबनं निलंग्याच्या यादीवर थांबा आणि नवं नाव 'निलंगा_शेतकऱ्यांची_यादी' असं द्या. तालुका पुढं आल्यामुळं नंतर टॅबलाही सोपं जाईल. मेनू-कंप्लीटमुळं पूर्ण यादी दिसेनाशी झाली असेल तर इनपुटआरसीत 'सेट शो-ऑल-इफ-अँबिग्युअस ऑन' ही ओळही घाला. मग आधी यादी दिसते आणि त्याच टॅबला पहिलं नावही ओळीत येतं.


मांजराकाठ

ताई, तसंच केलं. आधी जोड्या वेगळ्या केल्या, मग एको लावून लूप चालवला, दिसलेलं सगळं वाचून काढलं आणि मग -एन देऊन खरा चालवला. फाइंडला आता एकही नाव सापडत नाही. 'अहवाल औ' लिहून टॅब दाबलं की औसा येतंय. निलंग्याच्या मंडळींना इनस्क्रिप्टबद्दल सांगितलं, दोघं शिकायला तयार झालेत.

एकच राहिलं. इनपुटआरसीत ओळ घातली की दर वेळी टर्मिनल बंद करून उघडायलोय. दुसरा मार्ग आहे का?


बालाघाट

आहे. कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-आर. चालू टर्मिनलमध्येच फाइल पुन्हा वाचली जाते. बॅशआरसीसाठी मात्र ही जोडी चालत नाही, तिथं 'सोर्स' लिहून पुढं फाइलचं नाव द्यायचं.